काजआत्यांचं ‘आपण’

काजआत्यांचं खरं नाव काय, हे मला विचाराल तर मी म्हणेन, घरमालकाला विचारा. भाड्याच्या पावतीवर असेल. आम्ही सगळे त्यांना काजआत्याच म्हणतो. गल्लीच्या तोंडाशी मास्टरचं शिवणाचं दुकान आहे. मास्टर कोट बेततो, शिवतो आणि बटणांची काजं घालायला आत्यांकडे वर पाठवतो. काजं झाली की कोट त्यांच्या खालच्या माझ्या दुकानात येतो, इस्त्रीला. म्हणजे गल्लीत कुणाचं लग्न ठरो, नाहीतर कुणाला नोकरी लागो, त्याचा कोट आमच्या तिघांच्या हातातून गेल्याशिवाय त्याच्या अंगावर चढत नाही. त्यातल्या मास्टरला गिऱ्हाईक ओळखतं. माझ्याकडे निदान डाग राहिला म्हणून भांडायला तरी येतं. आत्यांकडे कुणी जात नाही. काज नीट बसलं तर त्याच्याकडे बघतंय कोण?

आता काजाचं मशीन निघालंय. खडखड केलं की चहा गार व्हायच्या आत कोट तयार. पण मास्टर जुन्या वळणाचा आणि दुप्पट हट्टी. ‘मशीनचं काज म्हणजे भोकाला दोरा गुंडाळलेला,’ असं म्हणतो. त्याच्या या हट्टावर आत्यांची चूल पेटते. त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात. बोटात अंगुस्तान, मेण लावलेला दोरा, मांडीवर कुणाचा तरी कोट. दुपारी मी सहज वर गेले की मांडीवरच्या कोटाशी बोलताना सापडायच्या. मला बघितलं की म्हणायच्या, “काही नाही गं, दोरा ओवत होते.” दोरा ओवायला तोंडाने बोलावं लागतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

आईवडील लवकर गेले. पाठचा भाऊ लहान होता. काजं घालून आत्यांनी त्याला शिकवला. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, “आधी ह्याचं होऊ दे.” त्याचं झालं. वहिनी आली, पोरं झाली, त्या पोरांनी ‘आत्या, आत्या’ करून घर डोक्यावर घेतलं आणि बघता बघता त्या अख्ख्या गल्लीच्या आत्या होऊन बसल्या. लग्नाचं मागे पडलं ते पडलंच. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही. पण एक प्रसंग माझ्या दुकानातच घडला, तो मी विसरत नाही.

भाऊ बायकोपोरांना घेऊन कुठून तरी परत येत होता. आत्या माझ्याकडे कोट द्यायला खाली उतरल्या होत्या. भाऊ तिथेच थांबून म्हणाला, “ताई, आम्ही तिकडे मोठ्या शहरात घर घेतलं. पुढच्या महिन्यात जायचं.”

आत्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, “अरे वा! खिडकी आहे ना रे मोठी? मला काजाला उजेड लागतो.”

भावाने बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्या छताकडे बघितलं. माझ्या छताकडे बघण्यासारखं काही नाही, एक पंखा आहे, तोही बंद असतो. शेवटी भाऊ चाचरत म्हणाला, “नाही, म्हणजे... आम्ही जातोय.” आत्यांनी हातातला कोट माझ्या टेबलावर ठेवला, त्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, “हो, तेच म्हणते मी. तुम्हालासुद्धा उजेड लागेलच की.” मला तेव्हा त्या भावाच्या तोंडावर गरम इस्त्री फिरवावीशी वाटली होती. आता तो कधीमधी फोन करतो. ‘आम्ही मजेत आहोत’ म्हणतो.

तर अशी ती भावाची खोली रिकामी पडली.

आमच्या मागच्या रस्त्याला भाषेची शाळा आहे. तिथे परदेशातली मंडळी सुट्टीत आपली भाषा शिकायला येतात. आपल्याला सुट्टी मिळाली की आपण लोळतो. हे लोक व्याकरण शिकतात. ज्याची त्याची हौस. शाळेच्या बाई त्यांच्या राहण्याची सोय आसपासच्या घरांत करून देतात, म्हणजे घरातली बोली कानावर पडते. बाईंना आत्यांच्या खोलीचा पत्ता माझ्याकडूनच लागला. आणि एका सकाळी जिन्यात बॅगेच्या चाकांचा आवाज करत एक उंच, शिडशिडीत मुलगी आली. माझ्यापुढे थांबून हात जोडून म्हणाली, “नमस्कार. मी वर जाते. का?” तिला ‘वर जाऊ का’ असं विचारायचं होतं. त्यानंतर प्रत्येक गोष्टीला ती ‘का?’ विचारत राहिली. नळाला पाणी सकाळीच येतं, का? इस्त्रीवर पाणी शिंपडायचं, का? काजाच्या कडेला मेण, का? आमच्या यांनी तिचं नाव ठेवलं काबाई. तिला ते इतकं आवडलं की तिने वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून टाकलं.

पोर गोड होती, पण एका शब्दापायी तिने आमच्या सगळ्यांच्या डोक्याला कल्हई लावली. तिच्या भाषेत म्हणे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांना एकच शब्द. दोन कशाला लागतात, हे तिला उमजेचना. त्यातला ‘आपण’ तिला जास्त आवडला आणि तिने तो सगळीकडे फिरवायला सुरुवात केली. भाजीवाल्याला म्हणाली, “आपलं पोट बिघडलं.” तो म्हणाला, “माझं ठीक आहे, ताई.” एकदा दुकानात माझ्या सासूबाई बसल्या होत्या. काबाईची आई दातांची डॉक्टर. तिने मोठ्या अभिमानाने यांना सांगितलं, “आपली आई रोज दात काढते. पैसे घेऊन.” सासूबाईंनी तेव्हा जे तोंड मिटलं ते घरी जाईपर्यंत उघडलं नाही. तेवढीच मला शांतता.

दुसऱ्या बाजूने मी तिला गोंधळात टाकलं होतं. “आमचे हे आज उशिरा येणार,” असं मी म्हटलं, तर तिने वही उघडली आणि गंभीरपणे विचारलं, “आमचे? म्हणजे तुमचे आणि आत्याचे?” आत्या इतक्या हसल्या की बोटातलं अंगुस्तान घरंगळून टेबलाखाली गेलं. इतकी वर्षं शेजारी आहोत, त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

शाळेच्या बाईंनी फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एके दिवशी आत्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं. मास्टरचा अर्धा कोट घेतला, एक बटण काजात घातलं आणि म्हणाल्या, “हे बघ. हे काज, हे बटण. काज बटणाला म्हणतं, आपण कोट बंद करू. कळलं? दोघं आली त्यात. आता मास्टर आला. काज मास्टरला म्हणतं, आम्ही कोट बंद केला. मास्टर त्यात नाही. ज्याच्याशी बोलतेस तो आत असेल तर आपण. तो बाहेर असेल तर आम्ही.”

काबाईने बटण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. “बाहेर आहे त्याला वाईट वाटतं?”

“व्याकरणात वाईट वाटत नाही,” आत्या म्हणाल्या.

मी तिथेच उभी होते. मला भावाचा तो दिवस आठवला. आत्यांना आठवला की नाही कोण जाणे. त्या दोऱ्याला मेण लावत होत्या.

त्या सुट्टीभर छतातून दोन आवाज येत राहिले. एक सारखा चुकायचा आणि एक सारखा दुरुस्त करायचा. आत्या दोघींपुरता स्वयंपाक करायला लागल्या, दुपारी तिची वाट बघत जेवायच्या थांबायला लागल्या आणि ती उशिरा आली की मला येऊन सांगायला लागल्या, “पोरीला काही वेळेचं भान नाही बाई.” तक्रारीच्या नावाखाली कौतुक चाललेलं असे. काबाईसुद्धा शाळेतून आली की आधी माझ्या दुकानात डोकावून विचारायची, “आत्या वर आहे?” आत्या कुठे जाणार होत्या! पण कुणीतरी असं विचारणं ही गोष्ट वेगळी. कोटांशी बोलणं बंदच झालं होतं. मी मनात म्हणायचे, जीव लावा, पण बेताने लावा. ही पाखरं परतीची तिकिटं घेऊनच येतात. हे तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

आणि सुट्टी सरत आली. पलंगाखालची बॅग बाहेर निघाली. गॅलरीत तिचे धुतलेले मोजे ओळीने वाळायला लागले. शनिवारी तिची तोंडी परीक्षा होती, सोमवारी विमान. त्याच आठवड्यात, गुरुवारी रात्रीच्या जेवणाला ती आत्यांना म्हणाली, “रविवारी आपण तळ्यावर जाणार. गाडी येणार. दिवसभर!”

हे मला शुक्रवारी सकाळी कळलं. दुकान उघडून इस्त्री तापते ना तापते, तोच आत्या एक कोट घेऊन हजर. गडद निळा, बायकी बेताचा. तो मी ओळखत होते. मास्टरकडे कुणा बाईने शिवायला टाकला होता आणि ती पुन्हा फिरकलीच नाही. कित्येक वर्षं तो मास्टरच्या कपाटात लोंबत होता.

“मास्टरकडून मागून आणला,” आत्या म्हणाल्या. “देतो म्हणाला, तसाही धूळ खात पडलाय. काजं माझीच आहेत त्याची. जरा छान इस्त्री करून दे.”

“कुठे दौरा?”

“तळ्यावर. रविवारी.” आणि मग जरा थांबून, “तिने म्हटलं. आपण जाणार म्हणाली.”

आमच्या गावापासून तळं काही लांब नाही. सुट्टीच्या दिवशी निम्मं गाव तिथे असतं. पण आत्या कधी गेल्या नव्हत्या. भाऊ पोरांना घेऊन जायचा तेव्हा घर सांभाळायला कुणीतरी हवं असायचं, नाहीतर एखाद्याचा कोट तातडीचा असायचा. नंतर एकटीने काय जायचं म्हणून राहिलं. ‘चला, येताय का’ असं त्यांना कुणी म्हटलंच नाही. आम्हीही नाही.

मी कोट टेबलावर पसरला. बाही ताणली. मनात आलं ते गिळता येईना. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, “आत्या, ती पोर भाजीवाल्यालासुद्धा आपण म्हणते.”

“भाजीवाल्याला म्हणायची. तेव्हा नवीन होती.”

“एकदा विचारून घ्या ना तिला. आपण म्हणजे कोण कोण.”

आत्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तू तुझी इस्त्री कर. मी शिकवलेली पोर आहे ती. इतके दिवस एका ताटात जेवतेय माझ्या, तिला कळत नाही होय कुणाला आपण म्हणायचं ते?”

मी इस्त्री केली. अशी केली की त्या कोटाला जन्मात कुणी केली नसेल. घालून बघा म्हटलं. त्यांनी तिथेच घातला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कोटाला काजं घातली, पण स्वतःच्या अंगावर कोट असा हा पहिलाच. खांद्यावर नेमका बसला होता. माझ्या दुकानातल्या आरशाला वरून तडा गेलाय, म्हणून त्या जरा वाकून बघत होत्या. मला वाटलं, देवा, त्या पोरीचं व्याकरण एवढ्या वेळी बरोबर असू दे.

शुक्रवारी संध्याकाळी मी मुद्दाम वर गेले. आत्या तिची परीक्षेची तयारी करून घेत होत्या.

“तू आणि मी बाजारात जातो. मला कसं सांगशील?”

“आपण बाजारात जातो.”

“तू आणि तुझी आई बाजारात जाता. मी घरी आहे. मला सांग.”

“आपण...” काबाईने जीभ चावली. “आम्ही. आम्ही बाजारात जातो.”

“हं. तू आणि तुझी मैत्रीण सिनेमा बघता.”

“आम्ही सिनेमा बघतो.”

“आता तू, मी आणि ही खालची वहिनी. वहिनीला सांग.”

“आपण!”

एकामागून एक चाललं होतं. काबाई आता चुकत नव्हती. आत्या बाजार म्हणाल्या, सिनेमा म्हणाल्या, दवाखाना म्हणाल्या, आगगाडी म्हणाल्या. मी चौकटीला टेकून एकाच वाक्याची वाट बघत होते. ‘रविवारी तळ्यावर कोण जाणार, सांग बघू.’ एवढंच विचारायचं होतं. आत्यांनी जगातली सगळी वाक्यं विचारली, तेवढं विचारलं नाही. मग त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, “पुरे. आता तुला आलं.” त्यांना भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. मी खाली आले.

शनिवारी दुपारी काबाई धावतच दुकानात शिरली. “वहिनी! आपण पास झालो! नाही, नाही,” तिने दोन्ही हात हलवले, “मी पास झाले! बाई म्हणाल्या, आम्ही-आपण एकदम बरोबर.” मी तिला जवळ घेतलं. ती जिन्याकडे वळता वळता म्हणाली, “उद्या आम्ही तळ्यावर जाणार!”

इस्त्री माझ्या हातात तशीच राहिली. आम्ही. मला सांगत होती, म्हणून आम्ही. म्हणजे मी त्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत्या असतील की. आत्या असूच शकतात. मी विचारणार होते, पण तोवर ती वर पोचलीसुद्धा होती. खरं सांगायचं तर मी हाक मारली असती तर ती परत आली असती. तेवढ्यात एका सदऱ्याचा जळका वास आला आणि मला निमित्त मिळालं.

रविवारी आमचं दुकान बंद असतं. आम्हाला नणंदेकडे जेवायला जायचं होतं, तरी मी उगाच शटर अर्धं उघडून झाडत बसले. आत्या लवकर खाली उतरल्या. निळा कोट, सगळी बटणं लावलेली, केस चापूनचोपून बसवलेले, पायात नव्या चपला. हातात डब्यांची जड पिशवी. माझ्याकडे बघून त्या हसल्या आणि रस्त्याच्या कडेला, गाडीतून दिसेल अशा जागी उभ्या राहिल्या.

गाडी आली. काचेपर्यंत भरलेली. पुढे शाळेच्या बाई, मागे काबाईच्या वर्गातली पोरं, मांडीवर पिशव्या, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. मागच्या बाकावर खिडकीशी एकच जागा राखून ठेवलेली दिसत होती. जिन्यावरून उड्या मारत काबाई खाली आली आणि आत्यांना बघून थांबली.

“आत्या! किती सुंदर! नवीन कोट!” ती म्हणाली. आणि मग तिच्या सवयीप्रमाणे, “का?”

आत्यांनी गाडीकडे बघितलं. ती एक जागा बघितली. मी झाडू धरून उभी होते.

“काही नाही गं,” आत्या म्हणाल्या. “इस्त्री नीट झालीय का, ते उजेडात बघत होते.”

“आणि पिशवी?”

“ती होय? ती तुमची. वाटेत भूक लागेल. सगळ्यांना पुरेल एवढं आहे.”

काबाईने त्यांना घट्ट मिठी मारली. पिशवी घेतली, गाडीत चढली, त्या जागेवर बसली. खिडकीची काच खाली करून, पुढच्या बाईंकडे एकदा चोरून बघत, एकेक शब्द तोलून ती म्हणाली, “आत्या, आम्ही येतो. आम्ही संध्याकाळी परत येतो.”

चूक काढायला कुठेही जागा नव्हती.

“शाब्बास,” आत्या म्हणाल्या. “अगदी बरोबर बोललीस.”

गाडी वळली. मला त्या पोरीचा राग यायला हवा होता, तो येईना. तिने काय केलं होतं? जे शिकवलं ते ती शिकली होती. गुरुवारी तिला येत नव्हतं ते रविवारपर्यंत यायला लागलं, आणि तेही आत्यांच्याच मेहनतीने. राग धरायला कुणी सापडत नाही तेव्हा फार वाईट वाटतं.

“आत्या...” मी म्हटलं.

तेवढ्यात वर आमच्या घराच्या खिडकीतून हे ओरडले, “अगं, आपण निघायचं ना? उशीर होतोय!”

आत्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. “जा, तुला हाक मारतायत,” म्हणाल्या. मग एकेक बटण सोडून त्यांनी कोट उतरवला आणि माझ्या हातात दिला. “हा मास्टरला देऊन टाक. खांद्यात बसत नाही.”

मी म्हटलं, “तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर, नणंद काही परकी नाही.” त्या म्हणाल्या, “वेडी का काय? मला दोन कोट पुरे करायचेत.” आणि जिना चढून गेल्या. मी खूप आग्रह केला असं म्हणवत नाही. एकदाच म्हटलं. नणंदेकडे माझं जेवणात लक्ष नव्हतं. यांनी दोनदा विचारलं काय झालं म्हणून. काय सांगणार? कुणी मेलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. एका पोरीला एक शब्द बरोबर बोलता आला होता.

संध्याकाळी काबाई उन्हाने लाल होऊन आली, रिकामे डबे घासून आणलेले. छतातून तिचा आवाज येत राहिला. तळ्यात बोट होती, वारा होता, आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. एकही चूक नाही. मध्ये मध्ये आत्यांचं ‘हं’, ‘हो का’, ‘अगं बाई’. डब्यातलं सगळ्यांना आवडलं, हे तिने तीन-तीनदा सांगितलं.

सोमवारी टॅक्सी आली. यांनी बॅग खाली उतरवून दिली. माझ्या दुकानात खिळ्याला निळा कोट अडकवलेला होता. मास्टरला द्यायला माझे पाय उचलले नव्हते. काबाईने तो बघितला आणि विचारलं, “हा आत्याचा कोट इथे, का?” सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण आत्या तिच्या मागेच उभ्या होत्या. मी म्हटलं, “इस्त्रीला.”

ती रडत होती. नाटकी नाही, खरंच रडत होती, नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता. आत्यांनी स्वतःचा दिला. टॅक्सीत बसण्याआधी तिने आत्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “आपण परत भेटू.” आणि कळावं म्हणून बोट आधी स्वतःकडे केलं, मग आत्यांकडे. “आपण.”

“हो, हो,” आत्या म्हणाल्या. “नीट जा. पोचलीस की कळव.”

टॅक्सी गेली. आत्या माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसल्या. सहसा त्या बसत नाहीत, उभ्या उभ्याच कोट देऊन जातात. मी एक चादर घडी करत होते. त्या इस्त्रीच्या वाफेकडे बघत होत्या.

“काय गं,” त्या म्हणाल्या, “आता ती बोलली ते व्याकरणाने बरोबर होतं ना?”

“हो, आत्या. बरोबर होतं.”

“नाही, म्हणजे... परीक्षा झाली आता तिची. आता चुकायची नाही ना ती?”

माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. चादरीची घडी मोडून मी पुन्हा घातली. म्हटलं, “नाही चुकायची.”

त्यांनी मान हलवली. मास्टरने सकाळी पाठवलेला कोट खांद्यावर टाकला आणि त्या वर गेल्या. खुर्ची खिडकीपाशी ओढल्याचा आवाज आला. मी इस्त्री फिरवत राहिले. थोड्या वेळाने छतातून त्यांचं हळू बोलणं ऐकू यायला लागलं. दोरा ओवत असतील.